तीन पूर्णांक आठ सेकंद

"अठरा मिनिटांचं काम चार सेकंदांत करून दाखवतो," असं नागसेन निमगडेनं मार्च २००५ मध्ये भर कॅन्टीनमध्ये सांगितलं, आणि करूनही दाखवलं. दुःख आहे ते हेच. तो नापास झाला असता तर गडचांदूरच्या निदान चाळीस घरांतलं लोणचं वाचलं असतं.

नागसेन पोंभुर्ण्याचा. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेला आणि प्रत्येक गोष्ट मोजून वहीत लिहिणारा. गडचांदूरला सिमेंट कंपनीच्या चुनखडी खाणीच्या ऑफिसात त्याला कॉम्प्युटर सांभाळायला घेतलं होतं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. ही मुदत ३१ मार्चला संपत होती. त्या दिवशी खाणीच्या साहेबांच्या सहीचं पत्र चारच्या टपाल जीपनं निघालं, तर तो कायम. नाही निघालं, तर आणखी सहा महिने उमेदवारी. इकडे त्याच्या आईनं, अंजनाबाईंनी, पोरगा परमनंट झाल्याचं जानेवारीतच पोंभुर्णाभर सांगून टाकलं होतं. आता नागसेनला फक्त आईचं बोलणं खरं करायचं होतं.

ऑफिसचा सर्व्हर हात धुवायच्या बेसिनशेजारच्या खोलीत असे. त्याच्यावर जुन्या पडद्याचं एक झालरवालं आवरण होतं, ऑफिसातल्या शकिलाबाईंनी स्वतः शिवलेलं. ऑफिसातले बासष्ट कॉम्प्युटर या एका सर्व्हरला जोडलेले होते आणि सगळ्यांचे कागद, नकाशे, पत्रं, याद्या त्याच्यातच राहत. कोणी कुठला फोल्डर उघडायचा आणि कोणी नाही, हे एका मोठ्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं. त्या फाईलमध्ये एक नाव जरी बदललं, तरी सर्व्हरला ती पुन्हा वाचावी लागे. याला रीलोड म्हणत.

रीलोड व्हायला अठरा मिनिटं लागत. का लागत, हे नागसेननं पहिल्याच महिन्यात शोधून काढलं. सर्व्हरच्या पोटात प्रत्येक कॉम्प्युटरमागे एकेक कारकून बसलेला आहे असं समजा. नियम बदलला, की हे बासष्ट कारकून एकाच वेळी तेच नऊ हजार ओळींचं बाड पहिल्या पानापासून वाचायला घेत. ज्याचा संबंध एका ओळीशी, तोही सगळं बाड वाची. तोपर्यंत अख्खं ऑफिस जागच्या जागी थिजलेलं. म्हणून ठरलं होतं, की रीलोड दिवसातून एकदाच, दुपारी एकला, सगळे डबा खात असताना.

बाडात काय काय होतं, ते नागसेननं वहीत उतरवून घेतलं. बदली झालेल्यांची नावं होती. वारलेल्या दोघांची होती. सर्व्हर विकत घेण्याआधीच निवृत्त झालेले एक गृहस्थ होते आणि त्यांना सगळ्यात जास्त हक्क होते. 'नवीन', 'नवीन दोन', 'एकदम नवीन' आणि 'याला हात लावू नये' असे चार फोल्डर होते. चारही रिकामे.

आता साहेब. खाणीचे मुख्य व्यवस्थापक श्रीहरी वैरागडे हे मनानं चांगले होते, पण ते चांगलं मन दिसायला तासभर थांबावं लागे. तोवर राग असे. दूध उतू जावं तसा राग यायचा, आणि कोणी फुंकर न घालताच बसायचाही. पूर्वी रागात ते कोणाला रजिस्टर फेकून मारत. सर्व्हर आल्यापासून ते सुधारले. आता ते गुलाबी कागदाची चिठ्ठी लिहीत: 'रईसचं नाव नकाशाच्या फोल्डरमधून काढा. लगेच.' ही चिठ्ठी शिपाई लच्छूभाऊ शकिलाबाईंकडे नेऊन देई.

शकिलाबाई ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या क्लार्क. त्या चिठ्ठी घेत, वाचत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. एकला पाच मिनिटं कमी असताना डबा उघडून उरलेल्या चिठ्ठ्या नागसेनच्या हातात देत.

'उरलेल्या' हा शब्द नागसेननं पकडला. चाळीस दिवस त्यानं चिठ्ठ्या मोजल्या. साहेबांनी लिहिल्या शंभर, त्याच्यापर्यंत पोचल्या एकोणतीस. त्यानं वहीत नवं पान काढलं, वर मथळा लिहिला: 'आदेशांची गळती, एकाहत्तर टक्के.' खाली लाल रेघ मारली. आलेखही काढला.

"बाई, एकाहत्तर चिठ्ठ्या जातात कुठे?" त्यानं विचारलं.

"साहेब स्वतःच येऊन फाडतात," शकिलाबाई म्हणाल्या. "साडेबारापर्यंत येतात बिचारे. शकिलाबाई, ती रईसची चिठ्ठी द्या जरा, म्हणतात. मी देते."

"म्हणजे काम होतच नाही."

"होते ना. राग जाते."

"पण बाई, हुकूम दिल्यापासून अंमल होईपर्यंत सरासरी दोन तास चाळीस मिनिटं लागतात. मी मोजलंय."

"मग मुरू दे ना बाबू. तू काऊन एवढी घाई करून राह्यला?"

नागसेन हसला. ज्याच्याकडे आलेख असतो, तो ज्याच्याकडे बिस्किटांचा डबा असतो त्याच्याकडे पाहून हसतो तसा. आणि मग त्यानं कॅन्टीनमध्ये ते चार सेकंदांचं वाक्य टाकलं.

पंधरा दिवस तो राबला. मेलेली, गेलेली आणि कधी आलेलीच नव्हती अशी सगळी नावं उडवली. बाडाचे वेगळे वेगळे कागद केले, आणि प्रत्येक कारकुनानं फक्त आपला कागद, तोही बदलला असेल तरच वाचायचा, असं सर्व्हरला शिकवलं. ज्याचं नाव निघालं, त्याचा उघडा फोल्डर तिथल्या तिथे बंद. चिठ्ठी, लच्छूभाऊ आणि डबा ही तिन्ही स्टेशनं वगळायची म्हणून त्यानं साहेबांच्या कॉम्प्युटरवरच एक पान करून दिलं: सगळ्यांच्या नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन. चौकोनावर टिचकी मारली, की नाव गेलं. सुरक्षिततेचाही त्यानं विचार केला होता. नाव काढायला एक टिचकी पुरे, पण परत घालायला कारण लिहायचं, साहेबांनी मंजुरी द्यायची आणि शकिलाबाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवरून दुजोरा द्यायचा. यादीच्या खाली, सोयीसाठी, 'सर्व' असाही एक चौकोन ठेवला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. यादी असली की खाली 'सर्व' असतं, म्हणून.

तीस तारखेला, बुधवारी, त्यानं साहेबांना करून दाखवलं.

"म्हणजे मी इथं दाबलं, की तिथं बंद?" साहेबांनी विचारलं.

"चार सेकंदांत, सर."

"चार?"

"मोजून सांगायचं तर तीन पूर्णांक आठ."

साहेबांनी यादीतल्या एकेका नावावरून बोट फिरवलं. दहा वर्षं माणसानं फुंकून फुंकून चूल पेटती ठेवावी आणि एक दिवस कोणी घरात गॅसची शेगडी आणून ठेवावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"निमगडे, तुझं पत्र मी आत्ताच टाईप करायला सांगतो," ते म्हणाले. "उद्या प्रिंट काढू, सही करू, चारच्या जीपनं रवाना. असा माणूस सोडायचा नसतो."

पत्र टाईप झालं आणि साहेबांच्या फोल्डरमध्ये, सर्व्हरवर, जाऊन बसलं. नागसेननं पोंभुर्ण्याला शेजारच्यांच्या फोनवर आईला कळवलं. आई म्हणाली, "आता काय नवीन सांगून राह्यला? जानेवारीतच तं झाला ना तू."

गुरुवार, एकतीस मार्च. दहा वाजून दहा मिनिटांनी रईस ऑफिसात शिरला, म्हणजे दहा मिनिटं उशिरा. रईस खाणीचे नकाशे काढत असे. साहेबांनी काचेतून त्याला पाहिलं आणि सवयीनं गुलाबी कागदाकडे हात नेला. मग त्यांना आठवलं. त्यांनी टिचकी मारली.

रईसनं कालची अर्धी काढलेली टेकडी नुकतीच पडद्यावर उघडली होती. अर्धीच राहिली.

पूर्वी असं झालं असतं, तर चिठ्ठी डब्यात पडली असती, रईसनं अकराला चहाच्या वेळी "साहेब, सायकल पंक्चर झाली होती" असं सांगितलं असतं आणि साडेबाराला चिठ्ठी फाटली असती. आता रईस चौथ्या सेकंदाला साहेबांच्या दारात उभा. "साहेब, माझी टेकडी गेली." साहेबांचा राग अजून पहिल्या वाफेतच होता. त्यात टेकडी गेली हे ऐकून तो दुसऱ्या वाफेवर गेला. टेकडी जाते म्हणजे काय? नकाशाचा जो मोठा क्लार्क होता त्याचंही नाव निघालं. तो मोठा क्लार्क विचारायला आला, म्हणून त्याच्या शेजारचा गेला.

साडेअकरापर्यंत एकोणीस नावं उडाली. नागसेन आपल्या टेबलाशी वही घेऊन बसला होता आणि सुरुवातीला तरी खूश होता. गळती शून्य टक्के. प्रत्येक हुकूम पोचत होता. पण मग त्यानं हुकुमांमधलं अंतर मांडलं: वीस मिनिटं, बारा, सात, चार. फिजिक्स शिकलेल्या माणसाला अशा आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. टिचकी मारली की तक्रार येई, तक्रार आली की राग येई, राग आला की टिचकी. आणि या चक्रात साहेबांना गार व्हायला कुठेही जागा उरली नव्हती.

डबा खाऊन झाल्यावर शकिलाबाई उठल्या. "मी सांगून येते साहेबांले," म्हणाल्या. आत गेल्या. आतून फक्त एवढंच ऐकू आलं:

"साहेब, जरा थांबा, पाणी पिऊन घ्या..."

टिच्.

बाई बाहेर आल्या आणि शांतपणे कॉम्प्युटरवर आवरण घालू लागल्या. "माझं बी गेलं," त्या म्हणाल्या.

नागसेनला आपलाच नियम आठवला. नाव परत घालायचं, तर दुजोरा शकिलाबाईंच्या कॉम्प्युटरवरून द्यायचा होता. शकिलाबाईंचंच नाव गेलं. आता कोणाचंच नाव परत येणार नव्हतं. तो सर्व्हरच्या खोलीत धावला आणि हातानं फाईलमध्ये बाईंचं नाव लिहिलं. सर्व्हरनं ते तीन पूर्णांक आठ सेकंदांत साहेबांच्या यादीशी ताडून पाहिलं आणि पुसून टाकलं. त्यानं पुन्हा लिहिलं, सर्व्हरनं पुन्हा पुसलं. एवढं आज्ञाधारक यंत्र त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते त्यानंच बनवलं होतं.

सगळं बंद करून जुनी फाईल चढवणं त्याच्या हातात होतं. तेवढ्यात साहेब दारात आले.

"निमगडे, माझ्या हुकमाशिवाय एक जरी नाव परत घातलंस ना, तर तुझं पत्र आणि तू, दोघं आहात तिथंच राहाल."

नागसेननं हात मागे घेतला. पत्र सर्व्हरमध्ये होतं, जीप चारला होती, आणि घड्याळात पावणेदोन झाले होते.

पावणेदोनची वेळ खाणीत महत्त्वाची. रोज बरोबर दोनला ब्लास्टिंग होई. चुनखडीत सुरुंग उडत, गडचांदूरच्या तावदानांना कापरं भरे आणि लोक आपापली घड्याळं लावून घेत. दोनला पाच कमी असताना बाया फळीवरच्या काचेच्या बरण्या उतरवून खाली ठेवत आणि धमाका झाला की परत वर चढवत. वर्षानुवर्षांचा रिवाज होता.

ब्लास्टिंगचे फोरमन हरिदासभाऊ. त्यांना उडवण्याआधी एक छापील कागद लागे. किती भोकं, कुठे, किती दारू, हे सगळं त्यावर असे. कागद सर्व्हरवर होता. हरिदासभाऊंचं नाव सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी निघालं होतं, मोठ्यानं शिंकल्याबद्दल.

"मले कागद द्या," हरिदासभाऊ येऊन म्हणाले.

"नाही निघत, भाऊ," नागसेन म्हणाला. "हातानं लिहून चालेल का?"

"बाबू, वरून दगड पडला तर तुह्या हातानं लिहिलेला कागद डोक्यावर धरू काय?"

दोन वाजले. धमाका झाला नाही. गाव थांबलं. बाया जमिनीवर मांडलेल्या बरण्यांपाशी उकिडव्या बसून राहिल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजू लागला. "आज फोडून राह्यले का नाई? बरण्या वर ठेवू का खालीच राहू देऊ?" अडीचपर्यंत असे सव्वीस फोन आले. नागसेननं मोजले; सवय जात नाही. सत्ताविसावा फोन साहेबांच्या घरून होता. त्यांच्या सौभाग्यवती पस्तीस मिनिटं मुरंब्याची बरणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या काय बोलल्या ते बाहेर ऐकू आलं नाही.

फोन ठेवून साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. यादीत तीसेक नावं शिल्लक होती. एकेकावर टिचकी मारण्याइतका धीर आता त्यांच्यात नव्हता. त्यांची नजर खाली सरकली. 'सर्व'.

टिच्.

एक, दोन, तीन, आणि पूर्णांक आठ. साहेबांचा स्वतःचा पडदा पांढरा झाला. यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं.

अख्ख्या ऑफिसात कोणालाच काही उघडत नव्हतं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. साहेबांनी दोनदा टिचकी मारून पाहिली. मारायला काही उरलंच नव्हतं. हात टेबलावर ठेवून ते बसून राहिले. लच्छूभाऊंनी न सांगता चहा आणून ठेवला. साहेबांनी तो प्यायला. मग दुसरा प्यायला. आणि सकाळपासून पहिल्यांदा अर्धा तास असा गेला, की रागाला जायला वाट नव्हती आणि यायला कारण नव्हतं.

बाहेर बाकावर हरिदासभाऊ तंबाखू मळत होते. नागसेन त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"बाबू," हरिदासभाऊ म्हणाले, "पहिले आमचं काम वातीवर चाले. वात लांब काऊन ठेवत, माहीत आहे?"

"जळायला वेळ लागावा म्हणून."

"लावणाऱ्याले पळता यावं म्हणून." त्यांनी तंबाखूची चिमूट ओठात धरली. "तू वातच काढून टाकली बे."

नागसेननं वही उघडली. 'आदेशांची गळती' या मथळ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

सव्वातीनला साहेब बाहेर आले. आवाज एकदम मऊ होता.

"शकिलाबाई, माझं नाव कोणी काढलं हो?"

शकिलाबाईंनी ड्रॉवरमधून गुलाबी कागद काढून पुढे सरकवला. "लिहून द्या साहेब. ज्यानं केलं त्याच्यावर लिहा."

साहेबांनी उभ्याउभ्याच लिहिलं: 'निमगडेला आजच्या आज काढून टाका. लगेच.' बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली, बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"एक वाजता करते," त्या म्हणाल्या.

"एक तर वाजून गेला."

"उद्याचा."

साहेबांनी मान डोलावली. लिहून झाल्यावर त्यांना बरंच मोकळं वाटत होतं. ते नागसेनकडे वळले. "जुनं होतं तसं कर. आत्ता."

"सर, नव्यातच सगळी नावं परत घातली तर फक्त चार सेकंद..."

"पुन्हा चार सेकंद म्हणालास तर बघ. जुनं."

नागसेननं घड्याळ पाहिलं. मग मेलेल्यांसह, गेलेल्यांसह, 'एकदम नवीन'सह नऊ हजार ओळींचं बाड त्यानं परत चढवलं. आधी ब्लास्टिंगचा कागद काढला, कारण तो नियम होता आणि गाव खोळंबलं होतं. त्यासाठी हरिदासभाऊंचा एकच कॉम्प्युटर जोडला, म्हणून तेवढं पटकन झालं. मग 'जुनं होतं तसं' या हुकमाप्रमाणे उरलेले सगळे कॉम्प्युटर एकदमच जोडले आणि बासष्ट कारकुनांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तेव्हा तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती.

तीन पन्नासला धमाका झाला. आज काही व्हायचं नाही असं धरून गावानं सव्वातीनलाच बरण्या फळीवर चढवल्या होत्या.

चार वाजता जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेब सहीचं पेन उघडून बसलेले होते. नागसेन प्रिंटरपाशी उभा होता. सर्व्हर वाचत होता. चार वाजून एक मिनिटानं ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, कारण त्याला रस्त्यात चंद्रपूरचं टपालही घ्यायचं होतं. चार वाजून तीन मिनिटांनी पत्र निघालं. कागद गरम होता. छपाई सुरेख होती.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला साहेब शकिलाबाईंपाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "ती कालची निमगडेची चिठ्ठी द्या जरा." त्यांनी ती फाडली. नागसेननं वहीत एकाची नोंद केली आणि पहिल्यांदाच तिला गळती म्हटलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी, कोणी नसताना, त्यानं आपलं नवं काम सर्व्हरवर परत बसवलं. साहेबांचं ते यादीचं पान तेवढं वगळलं. शिवाय एक ओळ जास्त घातली: काम झालं की अठरा मिनिटं गप्प बसायचं आणि मगच झालं म्हणून सांगायचं. सोमवारी एकला रीलोड झाला. सर्व्हरनं चार सेकंदांत सगळं उरकलं आणि उरलेला वेळ आदर्श कर्मचाऱ्यासारखा नुसता बसून काढला. "आता कसं नीट चालून राह्यलं," शकिलाबाई म्हणाल्या आणि डबा उघडून त्याला लोणच्याची फोड दिली. विकतचं होतं. घरचं एकतीस तारखेला फरशीवर गेलं होतं.

सप्टेंबरअखेर नागसेन कायम झाला. पत्र वेळेत निघालं, जीप वेळेत गेली. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "किती वेळा होतोस रे?" पत्राखाली साहेबांनी स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला होता. नागसेननं तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला:

'सुरुवातीला उमेदवार फार वेगानं काम करीत असे. गेल्या सहा महिन्यांत लक्षणीय सुधारणा आहे.'